खोक्यातून आलेली सायकल

वडिलांची काळी अ‍ॅटलास आमच्या गावच्या घरी अजून भिंतीला टेकून उभी आहे. मी सायकल शिकले ती तिच्यावरच. सीटवर बसून पाय पुरायचे नाहीत, म्हणून आडव्या नळीखालून एक पाय पलीकडे घालून, हाफ पायडल मारत. अ‍ॅटलासचा साहिबाबादचा कारखाना 3 जून 2020 रोजी, नेमका जागतिक सायकल दिनी, बंद झाल्याची बातमी वाचली तेव्हा मी वडिलांना फोन केला होता. ते म्हणाले, "आपली चालते अजून. चेनला तेल दिलं कालच."

त्यानंतर चार वर्षांनी, जुलै 2024 मध्ये, मी स्वतःसाठी सायकल घ्यायची ठरवली. वय 46, उंची पाच फूट एक इंच, नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत. पंचवटीतल्या घरापासून शाळा मखमलाबादच्या पुढे साडेसहा किलोमीटरवर. सकाळी सातच्या आत तो रस्ता मोकळा असतो, दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, आणि कालव्याजवळ एक चढ. वीस वर्षं हे अंतर स्कूटरवर कापलं. आता ते पायांनी कापायचं मनात होतं. त्या एका चढासाठी गिअरची सायकल हवी होती, बाकी काही अपेक्षा नव्हती.

पहिल्यांदा दुकानांतच गेले. नाशिकमध्ये सायकलला आता चांगली प्रतिष्ठा आहे. डॉ. महेंद्र आणि डॉ. हितेंद्र महाजन या आपल्या नाशिकच्या भावांनी 2015 मध्ये दोघांचा संघ करून 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका' ही अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत पूर्ण केली, तेव्हापासून पहाटे गंगापूर रोडला हेल्मेट घातलेली माणसं किती वाढली ते मी डोळ्यांनी पाहिलंय. पण त्या सायकली पन्नास हजार, लाखाच्या. माझी मर्यादा पंधरा-सोळा हजारांची, म्हणून मी साध्या दुकानांत फिरले. तीन दुकानं झाली आणि तिन्हीकडे जवळपास एकच संवाद झाला.

"ताई, मुलीसाठी बघताय का मुलासाठी?"

"माझ्यासाठी."

मग समोर यायची ती वाकड्या नळीची, पुढे बास्केट लावलेली सायकल. सायकल वाईट नव्हती, पण तिला गिअर नव्हते. गिअरची दाखवा म्हटलं की उत्तर यायचं, "तुम्हाला गिअर कशाला लागतात? उगीच मेंटेनन्स." तिसऱ्या दुकानात हट्टाने एक गिअरची काढायला लावली. दोन्ही बाजूंना पाय टाकून उभी राहिले तर आडवी नळी सरळ अंगाला लागली. खाली उतरायची वेळ आली असती तर टाचा वर करून एका कुशीवर कलावं लागलं असतं. "याच्यापेक्षा लहान फ्रेम आहे का?" विचारलं. "फ्रेम एकच येते, ताई. सीट खाली करून देतो." पण सीट खाली केल्याने नळी खाली जात नाही. फ्रेम मोठी ती मोठीच.

घरी येताना मला मनापासून वाईट वाटलं. पैसे हातात घेऊन गेलेल्या बाईला आपल्या मापाची वस्तू मागायचीही सोय नसावी, हे काही बरोबर नाही.

म्हणून ऑनलाइन. आणि इथे मला जे मिळालं त्याचं श्रेय मी आजही देते. तिथे मला कोणी विचारलं नाही की सायकल कोणासाठी. प्रत्येक सायकलीखाली मापांचा तक्ता होता, फ्रेमची उंची, आडव्या नळीची जमिनीपासूनची उंची, सगळं. माप कसं घ्यायचं तेही तिथेच कळलं. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, दोन्ही पायांच्या मध्ये एक जाड पुस्तक वरपर्यंत घट्ट धरायचं आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावायची. माझं माप आलं 71 सेंटिमीटर. नळी आणि शरीर यांच्यात निदान इंचभर जागा सुटायला हवी. दुकानातल्या 18 इंची फ्रेमवर माझी अडचण का झाली, ते त्या एका आकड्यात स्पष्ट झालं. मला 16 इंची फ्रेम हवी होती आणि ती तिथे होती. 26 इंची चाकं, मागे सात आणि पुढे तीन गिअर, किंमत 13,499 रुपये. दुकानात तशाच सायकलीला 15,800 सांगितले होते. ऑर्डर केली.

पानावर एक ओळ होती, तिच्यावरून माझी नजर नुसती फिरून गेली. 'सायकल 85 टक्के जोडलेल्या स्थितीत मिळेल.' पंधरा टक्के म्हणजे चार नटबोल्ट असतील, असा माझा समज झाला.

सातव्या दिवशी खोकं आलं. आमचा तिसरा मजला, लिफ्ट नाही. डिलिव्हरीच्या मुलाने ते खालीच ठेवलं, ओटीपी घेतला आणि तो गेला. खोक्याचा एक कोपरा फाटून आतून लोखंड दिसत होतं. ओटीपी देण्याआधी खोकं चारही बाजूंनी बघायचं, फाटलं असेल तर त्याच्यासमोरच उघडायचं आणि उघडताना मोबाइलवर चित्रण करायचं, हे मला नंतर सुचलं. यजमान आणि शेजारचा मुलगा यांनी ते वर चढवलं.

आत सायकल होती, पण सायकलीसारखी दिसत नव्हती. पुढचं चाक काढून फ्रेमला प्लास्टिकच्या पट्ट्यांनी आवळलेलं. हँडल वेगळं, तारांना लोंबकळणारं. सीट वेगळी. एका पिशवीत दोन पायडल, रिफ्लेक्टर, एक एलन की आणि पत्र्यातून कापून काढावा तसा पातळ पाना. सोबतच्या कागदावर मुंगीएवढ्या अक्षरांत आकृत्या.

यजमानांचा हात तसा चांगला आहे, घरातले नळ-पंखे तेच बघतात. रविवारची दुपार आम्ही दोघांनी त्यात घातली. सीट बसली, हँडल बसलं, चाक बसलं. मग पायडल. उजवं सहज फिरत गेलं. डावं जाईना. तोंडाशीच अडलं. "अहो, राहू दे, कोणाला तरी विचारू," मी म्हटलं. "सुरुवातीला जड जातंच," म्हणत त्यांनी पाना लावून जोर दिला. पाना फिरला. क्रँकच्या, म्हणजे पायडल ज्या दांड्यात बसतं त्याच्या, भोकातून चांदीसारखा चकचकीत, केसाएवढा बारीक कीस गोल वळत बाहेर आला आणि माझ्या बोटावर पडला. पायडल भोकाच्या तोंडाशीच थांबलं होतं, थोडं तिरकं.

डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. ते डावीकडे फिरवून आवळायचं, उजवीकडे नाही. पायडल मारताना ते आपोआप सैल होत जाऊ नये म्हणून सगळ्या जगात तसंच करतात. पायडलवर एल आणि आर कोरलेलंही होतं, आम्हाला ते पाना ठेवल्यावर दिसलं. पायडलचा दांडा पोलादी आणि क्रँक अ‍ॅल्युमिनियमची, त्यामुळे चुकीच्या बाजूने जोर दिला की पोलाद अ‍ॅल्युमिनियमला कापत जातं. क्रँकचे आटे गेले होते.

सोमवारी मधल्या सुट्टीत कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन लावला. तीन वेगवेगळ्या माणसांना तीच हकीकत तीनदा सांगितली. जोडणी ग्राहकाने केली असल्यामुळे वॉरंटी लागू होत नाही. जोडून देणारा माणूस पाठवण्याची सोय तुमच्या पिनकोडवर नाही. जोडलेली सायकल परत घेता येत नाही. बोलणारी मुलगी अगदी नम्र होती आणि तिच्या हातात काहीच नव्हतं, हे तिच्या आवाजावरून कळत होतं. ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर मी वहीत लिहून ठेवला होता. पण क्रँकची इजा आमच्या हातची होती, म्हणून तो लावला नाही. एवढी गोष्ट मात्र तेव्हाही खटकली आणि आजही खटकते. ज्या वस्तूवर बसून माणूस ट्रकच्या शेजारून जाणार, तिचा ब्रेक आणि चाक त्या माणसाने कधी न पाहिलेल्या हत्यारांनी घरात आवळावं, अशी अपेक्षा धरून ती विकली जाते, आणि ती अपेक्षा एका बारीक ओळीत सांगितली जाते.

संध्याकाळी सायकल हातात धरून जवळच्या दुकानात नेली. मालकाने लांबूनच स्टिकर बघितलं. "ऑनलाइनच्या सायकलीचं काम आम्ही करत नाही, ताई." मी म्हटलं, पैसे देते की. "पैशाचा प्रश्न नाही," तो म्हणाला आणि आत गेला.

त्या क्षणी राग आला. रात्री झोप लागेना तेव्हा त्याच्या बाजूने विचार झाला. तीस-चाळीस सायकली दुकानात उभ्या करायच्या म्हणजे किती पैसा अडकतो, वर भाडं, वर फिटरचा पगार. लोक येतात, सायकलवर बसून बघतात, फोटो काढतात आणि घरी जाऊन मोबाइलवर मागवतात. मीही तेच केलं होतं. तीन दुकानांत सायकलवर उभी राहून बघितलं होतं आणि रुपयाचीही खरेदी केली नव्हती. मला त्यांनी हवी ती सायकल दाखवली नाही हे खरं, पण त्यांचा वेळ मी घेतला हेही खरं.

दुसऱ्या दिवशी शाळेतल्या शिपाईमामांनी सांगितलं, "मॅडम, भद्रकालीत चाचांकडे न्या. ते सायकल बघतात, स्टिकर नाही बघत." मग शाळा सुटल्यावर मालेगाव स्टँडपासून होळकर पुलावरून, रविवार कारंजावरून, एक पायडल नसलेली नवी कोरी सायकल ढकलत मी जुन्या नाशकात गेले. पावसाची भुरभुर होती. पुलावर दोन जणांनी विचारलं, पंक्चर झाली का म्हणून.

चाचांचं दुकान म्हणजे दोन फळ्यांची जागा. छताला टांगलेले टायर, भिंतीला रिमा, जमिनीवर ग्रीसने काळं झालेलं पोतं. चाचा सत्तरीच्या आसपास. त्यांनी सायकल हातात घेतली, क्रँककडे पाहिलंच नाही. आधी पुढचं चाक दोन गुडघ्यांत धरलं, हँडलचा बोल्ट सैल केला, आणि हँडल जागेवर ठेवून चाकासकट खालचा भाग पूर्ण अर्धं वर्तुळ फिरवला.

"चिमटा उलटा होता, मॅडम."

चिमटा म्हणजे पुढचं चाक ज्यात बसतं तो फोर्क. खोक्यात जागा वाचावी म्हणून तो मागे फिरवून ठेवलेला असतो. आम्ही तो तसाच ठेवून वर हँडल बसवलं होतं, कारण हँडल कुठल्याही दिशेला बसतं. चाचांनी मला चिमट्याची खालची टोकं दाखवली, त्यांना पुढच्या बाजूला हलका बाक असतो. उलटा राहिला की चाक मागे सरकतं, वळताना बुटाचं टोक चाकाला लागतं. "वळणावर पाय अडकला असता. पडला असता तुम्ही." त्यांनी आवाज न चढवता सांगितलं. आम्ही दोघांनी ती सायकल घरात तासभर न्याहाळली होती आणि आम्हाला ते दिसलं नव्हतं.

मग क्रँक. ती त्यांनी सायकलपासून सोडवली, उलटी केली आणि मागच्या बाजूने, जिथे आटे अजून शाबूत होते, तिथून उलट्या आट्यांचा टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, हाताने घातला. अर्धी फेरी पुढे, पाव फेरी मागे, थेंबभर तेल, पुन्हा अर्धी फेरी. घाई केली असती तर उरलेले आटेही गेले असते. पंधरा-वीस मिनिटांनी टॅप पुढच्या बाजूने बाहेर आला. पायडलचे आटे बोथट झाले होते, म्हणून जोडी नवी लावली. यावेळी डावं पायडल बोटांनी फिरत गेलं, पाना फक्त शेवटी लागला.

मी पैसे काढायला लागले तर चाचा म्हणाले, "बसा. अजून झालेलं नाही." त्यांनी पुढचं चाक काढून एक्सल बोटांत धरून फिरवला. मला फिरवायला दिला. आत वाळू असल्यासारखी खरखर बोटांना जाणवत होती. कोन, म्हणजे चाकातल्या लोखंडी गोळ्या जागेवर दाबून धरणारा नट, जास्त आवळलेला होता. उघडलं तर आत ग्रीस नावापुरतं. छर्रे, म्हणजे त्या गोळ्या, बशीत काढले, पुढच्या चाकाचे एका बाजूला दहा, दुसऱ्या बाजूला दहा. मागचे थोडे मोठे, नऊ आणि नऊ. सगळे रॉकेलमध्ये धुतले, ग्रीस भरून एकेक छर्रा त्यात चिकटवत बसवला, आणि कोन असा आवळला की चाक मोकळं फिरावं पण हलू नये. "नवीन सायकलमध्ये असं कसं?" मी विचारलं. "नवीनमध्येच असतं असं. जुनी तर कोणीतरी केलेली असते."

शेवटी चाक. ते फिरवल्यावर ब्रेकच्या रबराजवळून जाताना एका जागी डावीकडे झुकत होतं. चाक आऊट होतं. चाचांनी इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, तुम्ही शाळेत आहात ना? खडू आहे का?"

माझ्या पर्समध्ये खडू असतोच. तुकडा दिला. त्यांनी तो चिमट्यावर अंगठ्याने टेकवून धरला आणि चाक हळू फिरवलं. रिम जिथे बाहेर येत होती तिथेच खडू घासला गेला आणि बोटभर पांढरी रेघ उमटली, बाकी रिम काळीच राहिली. वीस वर्षं मी खडूने फळ्यावर लिहिते, पण खडू चाकाची चूकही दाखवतो हे त्या दिवशी पाहिलं. रेघ डाव्या बाजूला, म्हणजे तिथल्या उजव्या बाजूच्या तारा थोड्या आवळायच्या, डाव्या थोड्या सैल करायच्या. स्पोकची चावी तारेच्या टोकाच्या निपलला लावून पाव फेरी, कुठे त्याहूनही कमी. रेघ पुसायची, पुन्हा खडू. चौथ्या वेळी रेघ चाकभर सारखी, पुसटशी उमटली.

हे सगळं चालू असताना मी विचारलं की दुकानातून घेतली असती तर हे सगळं आधीच केलेलं असतं का. चाचा हसले. त्यांनी तरुणपणी बारा वर्षं एका मोठ्या दुकानात फिटर म्हणून काम केलं होतं. तेव्हा लुधियानाहून फ्रेम वेगळ्या यायच्या, रिमा वेगळ्या, तारांचे जुडगे वेगळे, आणि चाक विणण्यापासून सगळं काम दुकानात व्हायचं. एका सायकलीमागे ठरलेले पैसे मिळायचे. "कंपनी सामान पाठवते. सायकल फिटर बनवतो," ते म्हणाले. "चांगला फिटर असेल तर दुकानाची चांगली, नसेल तर ती पण खोक्यातलीच."

या वाक्याने माझा सगळा विचार जागेवर आला. मी दोन किमतींची तुलना करत बसले होते आणि त्या दोन वेगळ्या वस्तूंच्या किमती होत्या. 13,499 ही सामानाची किंमत होती. 15,800 मध्ये, निदान असायला हवेत म्हणून, एका माणसाचे दोन-तीन तास होते. तो माणूस त्या दुकानात खरोखर आहे का आणि तो ते तास देतो का, हा प्रश्न मी तिथे विचारायला हवा होता. मी विचारत होते की यात किती कमी होईल.

चाचांनी मजुरीचे 450 आणि पायडलचे 250 घेतले. पुढच्या आठवड्यात स्टँड 280, मडगार्ड 350, घंटी 60, कुलूप 250. बेरीज 15,139. दुकानाच्या सायकलीत स्टँड, मडगार्ड, घंटी धरलेली होती, कुलूप वेगळं घेतलं असतं तर 16,050. म्हणजे ऑनलाइन 911 रुपयांनी स्वस्तच पडली, आणि मुख्य म्हणजे माझ्या मापाची मिळाली. त्यासाठी एक रविवार, दोन संध्याकाळी आणि उलट्या चिमट्याचा धोका एवढं मोजलं. ती सायकल मी रोज वापरते. कालव्याच्या चढावर आता पुढचा मधला गिअर पुरतो.

लेकीच्या सायकलीची वेळ आली ती गेल्या दिवाळीच्या सुट्टीत, 2025 मध्ये. ती नववीत, क्लास तीन किलोमीटरवर. तिला हवी होती जाड टायरची सायकल, मोटारसायकलसारखी दिसणारी, तिच्या मैत्रिणीकडे आहे तशी. ती मोबाइलवर दाखवत होती आणि मी मापाची टेप काढत होते.

यावेळी चाचांनाच विचारलं, नवी सायकल कोणाकडून घेऊ. त्यांनी पंचवटीतल्याच एका लहान दुकानाचं नाव सांगितलं, जिथे मालक स्वतः फिटिंग करतात. गेलो तेव्हा ते बाहेर स्टुलावर बसून एक चाक सरळ करत होते. ते पाहूनच मी निम्मी निश्चिंत झाले.

मी त्यांना लेकीचं माप सांगितलं आणि म्हटलं की 16 इंची फ्रेम हवी, गिअरची, आणि नसेल तर मागवून द्या, आम्ही थांबू. त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं. "माप घेऊन आलेलं गिऱ्हाईक क्वचित येतं," ते म्हणाले. फोन लावला, डिस्ट्रिब्युटरकडे होती, सहा दिवस लागणार होते, हजार रुपये आगाऊ. सव्वा वर्षापूर्वी तिसऱ्या दुकानात मला सांगितलं होतं की फ्रेम एकच येते. फ्रेम एक येत नाही, एकच ठेवली जाते. मागितली की येते.

पण लेक जाड टायरवर अडून होती. दुकानदारांनी तिला समजावलं नाही, की मला डोळ्याने खुणावलंही नाही. त्यांनी जाड टायरची एक सायकल बाहेर काढली, दुसरी साध्या टायरची काढली, दोन्हींच्या सीट तिच्या उंचीला केल्या आणि म्हणाले, "बेटा, कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत जाऊन ये. आधी ही, मग ती." गिरणीकडे थोडा चढ आहे. जाड टायरच्या सायकलवरून ती परतली तेव्हा तिचं तोंड लाल झालं होतं. दुसऱ्या सायकलवरून आली आणि खाली न उतरताच म्हणाली, "आई, ही घेऊ." मी मोबाइलवर तिला वजनाचे आकडे दाखवले होते, आठवडाभर. त्याचा काही उपयोग झाला नव्हता.

किमतीचं बोलणं सरळ झालं. 22 सप्टेंबर 2025 पासून सायकलींवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्के झाला होता, ते मला ठाऊक होतं. खोक्यावरची छापील किंमत जुनी होती. मी विचारायच्या आधीच त्यांनी कंपनीची नवी यादी काढून दाखवली आणि कमी झालेल्या दराने हिशेब केला. बिलाबद्दल मात्र मी स्वतः बोलले. फ्रेमच्या खाली, क्रँकच्या नळीवर एक नंबर ठोकलेला असतो, तो बिलावर लिहून घ्या म्हटलं. सायकल चोरीला गेली तर पोलिसांत आपली म्हणून सांगायला तोच एक पुरावा. त्यांनी सायकल उलटी करून नंबर वाचला, लेकीने तो दोनदा तपासून लिहिला.

सहाव्या दिवशी फिटिंगच्या वेळी आम्ही दोघी तिथेच थांबलो. मी विनंती केली की दोन्ही चाकांचे कोन उघडून ग्रीस बघा. त्यांनी थोडं थबकून माझ्याकडे पाहिलं, मग उघडले. याही सायकलीत मागच्या चाकात ग्रीस कमीच होतं. चाचा म्हणाले होते ते खरं होतं, फक्त इथे ते भरणारा माणूस समोर बसला होता. ब्रेक आवळल्यावर त्यांनी लेकीला सीटवर बसवलं, टाच पायडलवर ठेवून पाय सरळ होतो का ते पाहिलं, सीट बोटभर वर केली. मग तिच्याकडून दोन्ही ब्रेक दाबून घेतले. उजव्या हाताची पकड लहान पडत होती, तर ब्रेकचा दांडा स्क्रू फिरवून आत घेऊन दिला. असं काही असतं हे मला माझ्या सायकलीवर सव्वा वर्ष बसूनही माहीत नव्हतं. घरी आल्यावर माझाही तसा करून घेतला.

त्यांनी बजावून सांगितलं होतं की महिन्याने परत या, नव्या चाकाच्या तारा चालवल्यावर बसतात आणि थोड्या सैल होतात, पहिली सर्व्हिस फुकट आहे. नेमकी त्या वेळी ते गावाला गेले होते आणि चाक ब्रेकला घासायला लागलं होतं. म्हणून रविवारी सकाळी आम्ही दोघी आपापल्या सायकलीवर होळकर पुलावरून भद्रकालीत गेलो. चाचांनी बिलावरचं दुकानाचं नाव वाचलं, मान हलवली आणि चाक फिरवलं. मी पर्समधून खडू काढून दिला. लेक उकिडवी बसून बघत होती. पांढरी रेघ उमटली तशी ती म्हणाली, "चाचा, मी फिरवू?"

त्यांनी स्पोकची चावी तिच्या हातात दिली, योग्य तारेवर तिचं बोट ठेवलं आणि म्हणाले, "पाव फेरी. जास्त नाही."